आधी तपासणी, मग व्यायाम

दोन वर्षं तारा लावून जुळवलेले पुढचे दात तारा काढल्यावर पुन्हा फाकतात. असं का होतं, याचं उत्तर पुष्कळदा दातांत सापडत नाही. महिनोन्‌महिने ‘स’चा सराव करूनही मुलाची जीभ दातांच्या फटीतून डोकावत राहते. त्याचंही उत्तर नुसत्या उच्चारांच्या सरावात सापडत नाही. पहिला प्रश्न दंतवैद्याला पडतो, दुसरा स्पीच थेरपिस्टला. मूल मात्र अनेकदा एकच असतं. त्याची जीभ दिवसभर खाली, दातांना टेकून पडलेली असते, ओठ उघडे असतात आणि श्वास तोंडाने चालू असतो. एक तज्ज्ञ दात पाहतो, दुसरा उच्चार ऐकतो. या दोहोंच्या मुळाशी असलेली सवय पाहायची कोणी, हे मात्र ठरलेलं नसतं.

या मधल्या जागेत जी उपचारशाखा उभी राहिली, ती ओरोफेशियल मायोफंक्शनल थेरपी. तिचं प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी आणि दंतवैद्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. शाखा नवी वाटली तरी तिला शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. या काळात तिने एकदा मोठी भरती पाहिली, मग तेवढीच मोठी ओहोटी, आणि आता पुन्हा भरती आली आहे. त्या इतिहासातून आम्ही एक धडा घेतला आहे आणि साऱ्या पुस्तकाची रचना त्यावर बेतली आहे. ही शाखा अडचणीत आली ती व्यायाम वाईट होते म्हणून नव्हे. ते कोणाला द्यायचे, कधी द्यायचे आणि कोणाला मुळीच द्यायचे नाहीत, हे ठरवायला शिकवण्याआधीच ते शिकवले गेले, म्हणून ती अडचणीत आली.

काय पाहायचं

तोंड काही करत नसताना त्यात काय चालू असतं, इथून या विषयाची सुरुवात होते. विश्रांतीच्या स्थितीत जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यापाशी असावं, पाठ टाळूला लागलेली असावी, ओठ ताण न देता मिटलेले असावेत, वरच्या-खालच्या दाढांमध्ये किंचित अंतर असावं आणि श्वास नाकाने चालावा. गिळताना जिभेने टाळूवर दाब देत घास मागे न्यावा. ओठांनी आणि हनुवटीच्या स्नायूंनी त्यात धडपड करू नये. घास दोन्ही बाजूंनी चावला जावा. ही घडी विस्कटली की तिच्या खुणा दिसू लागतात. जीभ पुढे किंवा बाजूला रेटली जाते, गिळताना हनुवटीवर खड्डे पडतात, पुढचे दात मिटत नाहीत, ‘स’ आणि ‘ज’सारखे ध्वनी दातांमधून निसटतात, झोपेत तोंड उघडं राहतं.

यातली एकेक खूण सुटी पाहिली तर ती फसवू शकते. तान्हं बाळ गिळताना जीभ हिरड्यांच्या मध्ये आणतंच. त्या वयात तसंच गिळायचं असतं. दात येतात, अन्न घट्ट होत जातं, तसतशी गिळण्याची रीत हळूहळू बदलते आणि अनेक मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत ती अधलीमधलीच असते. पुढे दुधाचे दात पडून समोर खिंड पडली की जीभ काही महिने तिथून डोकावणारच. अशा मुलाला ‘टंग थ्रस्ट’ची चिठ्ठी लावून व्यायाम सुरू केले, तर निसर्गाने आपणहून केलेल्या कामाचं श्रेय आपण घेऊ आणि पालकांना फुकट घोर लावू. म्हणून तपासणारा खुणांची यादी करून थांबत नाही. प्रत्येक खुणेला वय आणि कारण जोडतो.

कारणांत पहिला मान नाकाचा. मूल तोंडाने श्वास घेतं तेव्हा वाढलेले ॲडिनॉइड किंवा टॉन्सिल, ॲलर्जीची सर्दी, नाकाचा वाकडा पडदा यांपैकी काहीतरी मागे असू शकतं. नाक बंद असलेल्या मुलाला ओठ मिटायचा सराव देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसरं कारण सवयींचं: अंगठा चोखणं, चोखणी किंवा दुधाची बाटली फार काळ चालू राहणं, खालचा ओठ दाताखाली धरणं. तिसरं रचनेचं: जिभेखालचा पडदा आखूड असणं, जबड्याचा सांगाडाच वेगळा असणं. चौथं मज्जासंस्थेचं, तिथे या शाखेचं काम दुय्यम ठरतं आणि गिळण्याच्या विकारांचं वेगळं शास्त्र पुढे येतं. हे चारही तपासून झाल्यावर जे उरतं, ती मायोफंक्शनल थेरपीची खरी जागा.

शंभर वर्षांची वाट

आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे प्रणेते एडवर्ड अँगल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तोंडाने श्वास घेण्याला दात वेडेवाकडे होण्याच्या कारणांत मोठं स्थान दिलं होतं. १९१८ मध्ये अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामांवर निबंध लिहिला. स्नायू हेच दात हलवणारं जिवंत उपकरण आहे, अशी त्यांची भूमिका होती. युरोपात हाच विचार उपकरणांच्या वाटेने गेला. नॉर्वेत आंद्रेसन यांनी ‘ॲक्टिव्हेटर’ बनवला, पुढे पूर्व जर्मनीत रोल्फ फ्रेंकल यांनी ‘फंक्शन रेग्युलेटर’. तोंडात सैल बसणाऱ्या या साधनांनी स्नायूंना नव्या स्थितीची सवय लावायची आणि वाढत्या जबड्याला वळण द्यायचं, असा बेत होता. युरोपात उपकरण जे करत होतं, ते अमेरिकेत थेरपिस्टने करायचं, एवढाच सुरुवातीचा फरक.

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियाचे ऑर्थोडॉन्टिस्ट वॉल्टर स्ट्राउब यांनी जिभेच्या बिघडलेल्या कार्यावर लेखमाला लिहिली आणि बाटलीच्या दुधाला बरंचसं जबाबदार धरलं. तिथून ‘टंग थ्रस्ट’ हा शब्द दवाखान्यादवाखान्यांत पोहोचला. गिळण्याची चुकीची रीत हाच मूळ दोष आणि ती सुधारली की दात आपोआप जागी बसतील, असं समीकरण रूढ झालं. स्पीच थेरपिस्ट या कामात मोठ्या संख्येने उतरले. डॅनियल गार्लिनर यांनी फ्लोरिडात प्रशिक्षण संस्था चालवली. रिचर्ड बॅरेट आणि मार्व्हिन हॅन्सन यांचं पाठ्यपुस्तक १९७४ मध्ये निघालं. त्याआधी १९७२ मध्ये या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएओएम, स्थापन झाली होती.

मग प्रश्न विचारले जाऊ लागले. सर्वांत धारदार प्रश्न ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांचा होता. माणूस दिवसभरात साधारण आठशे ते हजार वेळा गिळतो आणि प्रत्येक वेळी जिभेचा दाब जेमतेम एक सेकंद टिकतो. सगळी बेरीज केली तरी ती पाव तासाच्या आसपास भरते. दात हलायला मात्र हलका का होईना, पण दिवसातले निदान सहा तास टिकणारा दाब लागतो. मग गिळण्याने दात पुढे येतात, हे कसं मानायचं? प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये मांडलेलं उत्तर असं: दातांची जागा ठरवण्यात जीभ आणि ओठ यांचा विश्रांतीतला दाब महत्त्वाचा आहे, गिळतानाचा क्षणिक दाब नव्हे. पुष्कळ वेळा तर पुढे फट आहे म्हणून जीभ ती बुजवायला पुढे येते. म्हणजे जे कारण समजलं जात होतं तो परिणाम निघतो. त्याआधी, १९७५ मध्ये, त्यांनी रॉबर्ट मेसन यांच्यासह केलेल्या शिफारशीही अशाच संयमी होत्या. मेसन स्वतः वाचा-उपचारतज्ज्ञही होते आणि ऑर्थोडॉन्टिस्टही. उच्चारदोष किंवा दातांचा दोष नसताना लहान मुलाच्या जीभ रेटण्यावर उपचार करू नयेत, असं दोघांचं मत होतं.

त्याच दशकाच्या मध्याला अमेरिकेत दंतवैद्यक आणि वाचा-श्रवण या दोन क्षेत्रांच्या संयुक्त समितीने टंग थ्रस्टच्या उपचारांना पुरेसा आधार नसल्याचं जाहीर केलं. विद्यापीठांनी विषय वळचणीला टाकला, विमा कंपन्यांनी हात आखडते घेतले. भरती ओसरली. जे टिकले त्यांनी आपला रोख बदलला. गिळण्याऐवजी विश्रांतीची स्थिती, एका लक्षणाऐवजी नाक-ओठ-जीभ-जबडा यांचा मेळ, असा नवा अभ्यासक्रम घडत गेला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने, आशाने, हे काम वाचा-उपचारतज्ज्ञाच्या कक्षेत येत असल्याचं मान्य केलं. ही शाखा दुसऱ्यांदा उभी राहिली ती टीकेतली खोट शोधून नव्हे; टीकेतलं खरं ते तिने पचवलं म्हणून.

आजचे प्रवाह

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला दंतवैद्यकीय. त्याचं लक्ष तारा काढल्यानंतरच्या स्थैर्यावर आणि वाढत्या वयातल्या जबड्यावर असतं. दुसरा अमेरिकन वाचा-उपचाराचा. तो ‘स’, ‘झ’, ‘च’ यांच्या उच्चारांपासून निघतो आणि विश्रांतीच्या स्थितीकडे जातो.

तिसरा प्रवाह दक्षिण अमेरिकेचा, आणि सध्या शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथे आहे. अर्जेंटिनाचे रोडोल्फो कास्तिल्यो मोरालेस यांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांसाठी टाळूची पट्टी आणि चेहऱ्याचं उद्दीपन यांची पद्धत बसवली. ब्राझीलमध्ये ‘मोट्रिसिदाद ओरोफेसियल’ ही वाचा-उपचारातली स्वतंत्र विशेषशाखा आहे. इरेने मार्केझान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमबीजीआर नावाचा, क्लॉदिया फेलिसिओ यांनी ओएमईएस नावाचा गुणांकनाचा आराखडा तयार केला. ओठ, जीभ, गाल, श्वास, चावणं, गिळणं या प्रत्येकाला ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे, म्हणजे दोन तपासनीसांची मतं ताडून पाहता येतात आणि उपचारानंतरचा फरक आकड्यांत दिसतो. ‘जीभ जरा सैल वाटते’ यासारख्या शेऱ्यांतून हा विषय बाहेर आला तो अशा आराखड्यांमुळे. ब्राझीलनेच २०१४ मध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासणं कायद्याने सक्तीचं केलं. तो निर्णय शहाणपणाचा की अतिरेकाचा, यावर तिथल्या डॉक्टरांतच वाद आहे. चांगलं साधन हाती आलं की ते सरसकट वापरायचा मोह कसा होतो, हे समजायला हा वाद वाचावा.

चौथा प्रवाह झोपेच्या वैद्यकाचा. २००६ मध्ये ‘बीएमजे’त स्वित्झर्लंडमधला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या २५ जणांपैकी काहींना ऑस्ट्रेलियन आदिवासींचं डिजरिडू हे फुंकवाद्य शिकवलं. चार महिन्यांच्या वादनानंतर त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या अभ्यासात मध्यम प्रमाणात स्लीप ॲप्निया असलेल्या ३१ जणांपैकी एका गटाला तीन महिने जीभ, मऊ टाळू आणि घशाचे व्यायाम दिले. तासाला श्वास अडण्याची सरासरी त्या गटात २२.४ वरून १३.७ वर आली. नुसता दीर्घश्वसन करणारा गट होता तिथेच राहिला. स्टॅनफर्डचे ख्रिस्तियान गिलेमिनो यांनी मुलांच्या बाबतीत टॉन्सिल-ॲडिनॉइड काढल्यानंतरही तोंडाने श्वास घेण्याची सवय उरते का, याकडे लक्ष वेधलं. या प्रवाहामुळे शाखेला वैद्यकाच्या मोठ्या सभागृहात जागा मिळाली. जपानने २०१८ मध्ये मुलांच्या मुखकार्याच्या अपुऱ्या विकासाला सार्वजनिक आरोग्यविम्यात स्थान दिलं. विषय खासगी दवाखान्यांपुरता उरलेला नाही, याचं ते एक चिन्ह.

पुराव्याचा हिशेब

प्रशिक्षणार्थीने उत्साहाइतकाच हिशेबही शिकायला हवा. पुढचे दात न मिटण्याच्या दोषावर तारांबरोबर मायोफंक्शनल थेरपी घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची तुलना २०१० मध्ये स्मिथपीटर आणि कोव्हेल यांनी केली. थेरपी घेतलेल्या गटात दोष सरासरी अर्ध्या मिलिमीटरने उलटला, न घेतलेल्यांत तीन मिलिमीटरहून अधिक. फरक डोळ्यांत भरतो. पण अभ्यास मागे वळून केलेला होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. थेरपी पूर्ण करणारी कुटुंबं मुळातच जास्त काटेकोर असू शकतात. स्लीप ॲप्नियावरच्या अभ्यासांचा २०२० मधला कॉक्रेन आढावाही सावध आहे: परिणाम दिसतो, पण पुराव्याची खात्री कमी. म्हणून या व्यायामांना झोपेत श्वासमार्गात दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राची किंवा शस्त्रक्रियेची जागा देऊन चालणार नाही. त्या उपचारांना जोड म्हणून व्यायामांचा विचार व्हावा.

जिभेखालच्या पडद्याची गोष्ट तशीच. नवजात बाळांच्या पडदा कापण्यावरच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. आईच्या स्तनाग्रांची वेदना थोड्या काळासाठी कमी झाली; स्तनपानावरचा परिणाम मात्र एकसारखा आढळला नाही. पडदा आखूड असूनही स्वच्छ बोलणारी माणसं आपल्या अवतीभवती आहेत. ‘मूल बोलत नाही, पडदा कापून घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने आधी मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का, हे विचारायला हवं.

वाचा-उपचारातला वाद आणखी टोकदार आहे. शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं, गाल फुगवणं अशा बोलण्याव्यतिरिक्तच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, या समजुतीवर ग्रेगरी लॉफ यांनी प्रखर टीका केली. २००८ च्या त्यांच्या पाहणीत अमेरिकेतले ८५ टक्के वाचा-उपचारतज्ज्ञ असे व्यायाम वापरत होते, आणि त्यांना पाठबळ देणारा पुरावा जवळपास नव्हता. ही टीका आम्हाला मान्य आहे. उच्चार सुधारायचा असेल तर उच्चाराचाच सराव हवा. मायोफंक्शनल थेरपी जिभेला घर दाखवते, तिथे राहायची सवय लावते; त्या घरातून ‘स’ कसा निघतो, हे वेगळं शिकवावं लागतं. या दोन कामांची गल्लत झाली की थेरपीही बदनाम होते आणि मुलाचे महिने वाया जातात.

मराठी मुलाची तपासणी

परदेशी पुस्तकांतले शब्दसंच उचलून आपल्या मुलांची तपासणी होणार नाही. मराठीत ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतला च जिभेच्या टोकाने दातांच्या मुळाशी उच्चारतात, ‘चिमणी’तला च टाळूला जीभ लावून. ‘जाळं’ आणि ‘जेवण’ यांत तोच भेद आहे. ‘झाड’ पहिल्या गटातलं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे दंत्य घर्षक-स्पर्श ध्वनी जवळपास येतच नाहीत. जीभ पुढे रेटणाऱ्या मराठी मुलात बिघाड आधी कुठे दिसतो, हे पाहायला ‘साप’, ‘चमचा’, ‘जहाज’ यांसारखे शब्द हाताशी हवेत, आणि तालव्य च-ज त्यांच्या शेजारी ठेवून पाहायला हवेत.

दुसरा गट मूर्धन्यांचा: ट, ड, ण आणि ळ. ‘बाळ’, ‘केळं’, ‘फळा’ म्हणताना जीभ उचलून मागे वळते. पडदा आखूड असेल तर मूल ही हालचाल कशी भागवतं, हे पाहणं उद्‌बोधक असतं. काही मुलं जबडा पुढे सरकवून ध्वनी जुळवतात आणि कानाला फरक कळत नाही. तो डोळ्यांनी टिपावा लागतो.

इथे बोलींचं भान सुटता कामा नये. वऱ्हाडीत आणि अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. आगरी बोलीत ‘गाडी’ची ‘गारी’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. त्या घरच्या मुलाचा ळ किंवा ड कच्चा आहे असं लिहिणारा तपासनीस मुलाची जीभ तपासत नसतो, त्याचं गाव तपासत असतो. पुण्यात शिकलेल्या थेरपिस्टने अकोल्यात किंवा अलिबागेत काम करण्यापूर्वी तिथली बोली ऐकून घेणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे.

महाराष्ट्रातल्या दवाखान्यात आणखी एक गोष्ट सतत समोर येते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी आणि तंबाखूच्या सवयी गेलेल्या नाहीत. तोंड पुरेसं न उघडणारा, जीभ बाहेर न काढू शकणारा तरुण समोर बसला तर पहिला संशय सबम्युकस फायब्रोसिसचा घ्यायचा, गालाच्या आतला पांढुरका ताठरपणा बोटाने चाचपायचा आणि त्याला मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. तोंड उघडण्याचे व्यायाम त्यालाही लागतात, पण ते दुसऱ्या शास्त्राचे आणि दुसऱ्याच्या देखरेखीखालचे. हा आजार कर्करोगाकडे वळू शकतो. तो ओळखता न येणाऱ्याने कोणाच्याही जिभेला व्यायाम देऊ नयेत.

आत्ताच का

या विषयाची मागणी वाढते आहे आणि ती वेगवेगळ्या दारांतून येते आहे. तारा लावणं आता लहान शहरांतही नेहमीचं झालं आहे, त्यामुळे तारा काढल्यानंतर दात उलटल्याची तक्रारही वाढणार. घोरणाऱ्या मुलाला ‘गाढ झोपतो’ म्हणून कौतुकाने न्याहाळणारे पालक आता झोपतज्ज्ञाकडे जाऊ लागले आहेत. त्याच वेळी जबडा टोकदार करण्यासाठी जीभ टाळूवर दाबून धरायचं ‘म्यूइंग’ किशोरवयीन मुलांच्या मोबाइलवर आलं आहे. जॉन आणि माइक म्यू या ब्रिटिश पितापुत्रांच्या नावावरून ते ओळखलं जातं. प्रौढ माणसाच्या जबड्याचं हाड त्याने बदलतं, याला आधार नाही. झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावण्याचं खूळही पसरलं आहे, आणि नाक बंद असलेल्या किंवा झोपेत श्वास अडणाऱ्या माणसासाठी ते धोक्याचं आहे. अशी मुलं आणि मोठी माणसं प्रश्न घेऊन आपल्याकडेच येणार. त्यांना हसून परत पाठवणं सोपं आहे; नाकाची तपासणी करायला लावणं जास्त उपयोगाचं.

प्रशिक्षणाची आपल्याकडची स्थिती अशी. बीडीएसच्या विद्यार्थ्याला बालदंतशास्त्रात अंगठा चोखणं, जीभ रेटणं, तोंडाने श्वास घेणं हे प्रकरण येतं; उपाय म्हणून बहुतेक टंग क्रिबसारखं उपकरण शिकवलं जातं. बीएएसएलपीच्या विद्यार्थ्याला उच्चारदोष आणि गिळण्याचे विकार येतात. दातांच्या जुळणीचं वर्गीकरण ओझरतं येतं. दोघे एका रुग्णाभोवती एकत्र बसण्याचा प्रसंग शिक्षणात क्वचितच येतो. या थेरपीसाठी भारतात वेगळी नोंदणी नाही. दंतवैद्याने दंत कायद्याच्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञाने भारतीय पुनर्वास परिषदेच्या चौकटीत राहून, आपल्या मूळ व्यवसायाच्या जबाबदारीनेच ती वापरायची. त्यामुळे काही दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं तरी त्याने अधिकार वाढत नाही. आयएओएमसारख्या संघटनेचं प्रमाणन मिळवतानाही लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष काम तपासलं जातं. यात एक साधी गोष्ट मान्य केलेली आहे: हे कौशल्य हाताचं आणि नजरेचं आहे, ते कोणाच्या तरी शेजारी बसूनच येतं.

हे पुस्तक काय करू पाहतं

या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग तपासणीसाठी दिला आहे, आणि तो मुद्दाम दिला आहे. आरसा, लाकडी टंग डिप्रेसर, मिलिमीटरची पट्टी, पाण्याचा पेला आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या साधनांत काय काय मोजता येतं, हे त्यात दाखवलं आहे. जीभ टाळूला लावून तोंड किती उघडतं आणि न लावता किती, या दोन मापांचं गुणोत्तर काढणं दंतवैद्याला नवं नाही; स्पीच थेरपिस्टने पट्टी हातात घ्यायला शिकावं. उलट बाजूने, विश्रांतीत बसलेल्या मुलाकडे काही मिनिटं त्याच्या नकळत पाहत राहणं थेरपिस्टला जमतं. दंतवैद्याने खुर्ची आडवी करण्याआधी ते शिकावं. दोघांनी एकाच मुलाला स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फरक का पडला यावर बोलावं, असे सराव जागोजागी आहेत.

व्यायामांचा भाग त्यानंतर येतो आणि तो तुलनेने आटोपशीर आहे. जिभेच्या टोकावर छोटं ऑर्थोडॉन्टिक रबर ठेवून ते हिरडीच्या उंचवट्याशी धरणं, पूर्ण जीभ टाळूला चिकटवून घोड्याच्या टापांसारखा टक् आवाज काढणं, ओठांआड दोऱ्याचं बटण धरून ओढ झेलणं, पाण्याचा घोट ओठ न हलवता गिळणं: असे मोजके प्रकार, पण प्रत्येकासोबत तो कशासाठी आणि कधी थांबवायचा, हे दिलं आहे. थेरपिस्टसमोर नीट गिळणारं मूल जेवणाच्या ताटावर बसलं की जुन्या रीतीवर येतं. सराव सवयीत उतरवण्याचा शेवटचा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा असतो, आणि बहुतेक उपचार तिथेच सुटतात. शाळेच्या परीक्षा, आजोळची सुट्टी, आई-वडिलांच्या पाळ्या, घरात आजीची मदत आहे की नाही, या सगळ्यांचा विचार करून वेळापत्रक कसं आखावं, याला म्हणून स्वतंत्र जागा दिली आहे.

काही गोष्टी पुस्तकात मुद्दाम नाहीत. उपचाराआधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांच्या झगमगीत जोड्या नाहीत. व्यायामाने चेहरा सुंदर होतो, हुशारी वाढते, लक्ष लागत नसलेलं मूल शांत होतं, अशी आश्वासनं नाहीत. नाक-कान-घसा तज्ज्ञ, झोपतज्ज्ञ किंवा मुखशल्यविशारद यांच्या कामाची दुय्यम आवृत्तीही नाही. त्यांच्याकडे केव्हा आणि कोणती नोंद देऊन पाठवायचं, एवढं आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘इथे थांबा’ अशी एक चौकट आहे. वाचकाने बाकी काही विसरलं तरी या चौकटी विसरू नयेत.

हे पुस्तक वाचून कोणी मायोफंक्शनल थेरपिस्ट होणार नाही. वाचून झाल्यावर दंतवैद्याने आपल्या भागातला एक वाचा-उपचारतज्ज्ञ शोधावा, वाचा-उपचारतज्ज्ञाने एक दंतवैद्य, आणि दोघांनी मिळून एक कान-नाक-घसा तज्ज्ञ. पहिली काही मुलं तिघांनी एकत्र पाहावीत, ठरलेल्या आराखड्यात नोंदी ठेवाव्यात, उपचार संपल्यावर वर्षाने पुन्हा मोजावं. मराठी मुलांमध्ये दंत्य च-ज कोणत्या वयात पक्के होतात आणि जीभ रेटण्याचा त्यांच्यावर किती परिणाम होतो, याची नोंद आपल्याच दवाखान्यांतून व्हायला हवी. ब्राझीलहून किंवा अमेरिकेहून ती येणार नाही. पहिल्या भरतीच्या वेळी या शाखेकडे व्यायाम भरपूर होते आणि मोजमाप अपुरं. दुसऱ्या भरतीत तीच चूक झाली, तर दोष जिभेला देता येणार नाही.